क्रेनवरून दिसलेलं पांढरं गाव

नत्थूभाऊ मेश्रामांना पत्ता विचारू नये. नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीत नवा आलेला प्रत्येक कुरिअरवाला हे शिकतो, पण एकदा फसल्यावर. "सरळ जा गा, जिथं तीन काळ्या टाक्या अन् एक निळी दिसन, त्याच्या मागच्या गच्चीवर पत्र्याचं शेड आहे, तेच घर," असं ते मोठ्या आत्मविश्वासानं सांगतात. कुरिअरवाला बिचारा स्कूटरवर. त्याला गल्लीतून टाक्या दिसणार कशा? तो दोन चकरा मारतो आणि शेवटी माझं दार वाजवतो.

मी त्यांचा शेजारी, अनंत. पाटबंधारे खात्याच्या नकाशा शाखेतून निवृत्त झालो. तेहेतीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढले, म्हणजे वरून पाहणं हा एका अर्थी माझाही धंदा. फरक एवढाच, की नकाशाला हात लावण्याआधी मला जागेवर जाऊन चिखल तुडवावा लागे. नत्थूभाऊंचं तसं नव्हतं. त्यांना वर बसायचाच पगार होता.

एकोणतीस वर्षं ते आंध्रच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात क्रेन चालवत होते. त्या गावाचं नाव मी सांगत नाही. पुढे मी जे लिहिणार आहे ते नावानिशी लिहिण्यासारखं नाही, आणि तिथल्या कारखान्यांचे वकील फार तयारीचे असतात असं ऐकून आहे. आमच्या गल्लीत त्या गावाला नुसतं 'बंदर' म्हणत. नत्थूभाऊ कुठं आहेत? बंदरावर. कधी येणार? बंदरावरून निघाले की. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे जगात तेवढं एकच बंदर असल्यासारखं आमचं चाले.

मूळचे ते काटोलकडचे. वडील संत्र्यांच्या बागांत रोजीनं जात. मुलाला त्यांनी नागपुरात आयटीआयला घातलं, आणि नत्थूभाऊ उमरेडच्या खाणीत क्रेनवर मदतनीस म्हणून लागले. लग्न झालं, वर्ष झालं, आणि एकोणीसशे त्र्याण्णव साली बंदरातली नोकरी आली. कायमची नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, सगळं काही. इंदूबाईंना ते म्हणाले, "खोली मिळाली की तुले घेऊन जातो." खोली मिळाली नाही, मग नत्थूभाऊंच्या आईला अर्धांगवायू झाला, मग नंदिनी झाली, मग नंदिनीची शाळा आली. 'पुढच्या वर्षी' हा शब्द त्या घरात इतका वापरला गेला, की पुढे पुढे इंदूबाई तो ऐकून नुसत्या मान हलवत.

त्या काळी गल्लीत फोन फक्त माझ्याकडे होता. दर रविवारी सकाळी नऊला बंदरावरून घंटी यायची. इंदूबाई आठ पन्नासलाच येऊन आमच्या खाटेच्या कडेला बसत, केस विंचरून, पदर सारखा करून. मी पेपर वाचत असल्याचं सोंग करायचो. फोन खोलीच्या मधोमध, नत्थूभाऊंचा आवाज खणखणीत, ऐकू येणार नाही तर काय! त्यामुळे ते गाव इंदूबाईंइतकंच मलाही पाठ झालं. पुढे त्यांच्या घरी फोन आला, मोबाइल आले, आणि खरं सांगतो, रविवारी सकाळी मला चुकल्यासारखं होऊ लागलं.

तर ते गाव असं. चाळीस मीटर उंचीवर काचेची केबिन, पायाखालीही काच, आणि काचेखाली जहाजाचं उघडं पोट. उजव्या हाताला समुद्र. समुद्राबद्दल नत्थूभाऊ फारसं बोलत नसत. "त्यात पाहासारखं काय राह्यते? पानी." पाहण्यासारखं सारं डाव्या हाताला. आधी कोळशाचे काळे ढीग, त्यांच्यावर दिवसभर पाण्याचे फवारे. त्याच्या शेजारी गंधकाचा ढीग, हळदीसारखा पिवळा. मग मालगाडीचे सोळा रूळ, मग खताचा कारखाना आणि त्याच्या तीन चिमण्या. धूर समुद्राकडे गेला तर सकाळ, गावाकडे वळला तर दुपार झाली, घड्याळ बघायला नको. कारखान्यापलीकडे कामगारांच्या चाळी. कोणाच्या दोरीवर नवं लुगडं आलं, कोणाची ताडपत्री वाऱ्यानं गेली, हे त्यांना वरून कळे. मग वाळूवर ओढलेल्या होड्या, मग बाजाराचे पत्रे, आणि पत्र्यांतून वर आलेलं देवळाचं गोपूर, मशिदीचा घुमट आणि चर्चचा क्रूस, तिन्ही एका ओळीत. चक्रीवादळ आलं की क्रेनला लोखंडी दोर बांधून तिला झोपवत आणि सगळ्यांना खाली उतरवत. ते चार दिवस नत्थूभाऊंना फार जड जात. खाली त्यांना काही ओळखीचं वाटत नसे, बाजारात ते दर वेळी हरवत. इथं नागपुरातही इतवारीत ते एकदा असे हरवले, की भांडेओळीतून बाहेर पडायला दोन तास लागले आणि शेवटी रिक्षा करून घरी आले.

आणि बाजाराच्या पलीकडे खाडी. खाडीच्या पलीकडे पांढरं गाव.

हे त्यांचं आवडतं. साठ-सत्तर घरं, सगळी पांढरीशुभ्र, मध्ये ताडाची झाडं, आणि कडेला हिरवंगार तळं. इतकं हिरवं, की म्हणे आपल्याकडे श्रावणातही तसं हिरवं दिसत नाही. पावसाळ्यात गाव जरा मळकं दिसे, पण पावसाळा उलटला की पुन्हा पांढरं. "दिवाळीच्या आधी सारे मिळून चुना मारत असतीन," नत्थूभाऊ फोनवर सांगत. "शिस्तीचे लोक हायेत, इंदू. आपल्या काटोलकडं पाह्यलं नं, एक घर पुतलेलं अन् चार तशीच. तिथं एक घर सुटत नाही." मग नेहमीचं वाक्य येई, "आपण तिथंच खोली घेऊ वं."

इंदूबाई प्रश्न विचारत. तळ्यावर बाया पाणी भरतात का? इतक्या वरून बाया दिसत नाहीत. शाळा आहे का? असन. गावाचं नाव काय? वरून नाव थोडंच दिसतं! "एकडाव जाऊन या नं तिकडं," इंदूबाई म्हणत. पण खाडीला पूल नव्हता, वळसा घालून गेलं तर अकरा किलोमीटर, आणि सुट्टीचा एकेक दिवस नत्थूभाऊ साठवून ठेवत. वर्षातून दोनदा नागपूर. दसऱ्याला दीक्षाभूमी आणि एप्रिलात चौदा तारीख, हे दोन दिवस त्यांनी एकोणतीस वर्षांत बहुतेक चुकवले नाहीत. ज्याचं जहाज आधी रिकामं होईल त्याची सुट्टी आधी मंजूर व्हायची, म्हणून ते हात चालवून काम करत. 'सर्वाधिक वेगवान ऑपरेटर' असं प्रमाणपत्र त्यांच्या बैठकीत बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली लावलेलं आहे. इंग्रजीत आहे, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मराठीत वाचून दाखवतात.

एकदाच तिकिटं निघाली होती, दोन हजार चारमध्ये. इंदूबाईंनी नवी पेटी घेतली. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई खाटेवरून पडल्या. पेटी पुन्हा कधी भरली गेली नाही, तिच्यात गोधड्या गेल्या. मला नत्थूभाऊंचा राग यायचा. आता लपवण्यात काय अर्थ? बाई इकडे सासूचं अंथरूण बदलते आहे आणि हा माणूस तिला हिरव्या तळ्याच्या गोष्टी सांगतो आहे, असं मला वाटे. पण फोन ठेवल्यावर इंदूबाईंचा चेहरा पाहिला, की मी काही बोलत नसे. आठवडाभर पुरेल एवढं काहीतरी त्या घेऊन जात.

दोन हजार बावीसमध्ये नत्थूभाऊ निवृत्त होऊन आले. संध्याकाळी गच्चीवर उभे राहायचे. पहिल्या मजल्याची गच्ची ती, तिथून दिसून काय दिसणार? तरी दिसेल तेवढं पाहायचे आणि खाली येऊन सांगायचे, की तिकडच्या कोणाच्या टाकीचं झाकण उडालं आहे. इंदूबाई म्हणत, "असू द्या, तुमी गच्चीचं दार लावलं का?" पांढऱ्या गावाचा विषय निघे, "जाऊ एक दिवस" असं ते म्हणत, आणि इंदूबाई "हो" म्हणून भाजी निवडत बसत.

मग गेल्या जानेवारीत नंदिनीला नोकरीचं पत्र आलं. ती नर्स. चार राज्यांत अर्ज केले होते, आणि बोलावणं आलं ते नेमकं बंदरावरच्या एका दवाखान्याचं. नत्थूभाऊ पत्र घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल होती आणि एका पायात नव्हती. "अनंतराव," म्हणाले, "आता घेतोच खोली. नंदिनी खाडीवरून ये-जा करन. आता पूल झाला म्हणते. मी अन् इंदू तळ्याकाठी राहू."

लगेच त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. मी तो पाहून कपाळाला हात लावला. उत्तर दिशा नाही, प्रमाण नाही, रस्ते तर जवळजवळ नाहीतच. छपरं मात्र एकूण एक. "हा नकाशा घेऊन माणूस उडत गेला तरच पोचेल," असं मी म्हणालो. ते हसले आणि त्यांनी तळ्याला हिरवा रंग दिला. नंदिनीच्या जुन्या वह्यांतली पेन्सिल होती, दोनदा टोक काढावं लागलं.

आता गंमत अशी की सगळं जुळलं आणि जाणारा माणूसच अडकला. उजवा गुडघा बदलायचं आधीच ठरलं होतं, तारीख मिळाली होती, ती सोडली तर पुन्हा सहा महिने. डॉक्टर म्हणाले, नंतर दीड महिना प्रवास नाही. नंदिनीला फेब्रुवारीत रुजू व्हायचं होतं. मी म्हटलं, पोरगी आधी जाईल, तुम्ही दोघं मागून जा. इंदूबाई म्हणाल्या, "नाही. मी जातो तिच्यासंग. खोली मी पाहातो." तीस वर्षांत त्यांनी आवाज चढवून काही म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि त्या दिवशीही चढवला नव्हता. पण ते ठरलं. नत्थूभाऊंचा डबा आमच्याकडून जाईल, रात्री माझा पुतण्या सोबतीला झोपेल, असंही त्यांनीच ठरवून टाकलं. ऑपरेशन होऊन नत्थूभाऊ घरी आले, आणि पेटीतल्या गोधड्या बाहेर निघाल्या.

त्या गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, मी नत्थूभाऊंकडे बसलो होतो. त्यांचा पाय उशीवर. नंदिनीचा व्हिडिओ कॉल आला. फोन मी धरला, कारण त्यांच्या हातात दिला तर समोरच्याला फक्त त्यांचं कपाळ दिसतं.

"काका, बाबा आहेत का? आम्ही त्या गावात आलो," नंदिनी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "रिक्षावाला येतच नव्हता. म्हणे वहाँ कौन रहने जाता है मॅडम. मी म्हटलं आई, परत जाऊ. पण आई ऐकून नाही राहिली. म्हणे तुझ्या बापानं सांगतलं, पाहूनच जाऊ."

तिनं फोन फिरवला, आणि मला ते गाव दिसलं. पांढरं. खरोखरच एकही घर सुटलं नव्हतं.

"पाहा! पाहा अनंतराव!" नत्थूभाऊ उठून बसायला लागले, मी त्यांना दाबून बसवलं. "म्हटलं नव्हतं का? इंदू, पाह्यलं का वं? तळं कुठं आहे? उजव्या हाताले पाह्य."

इंदूबाई एका भिंतीजवळ गेल्या आणि भिंतीवरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाच्या मागे लाल विटेची रेघ उमटली. मग त्यांनी हाताचा पंजा कॅमेऱ्यासमोर धरला. तळहात पिठात घातल्यासारखा झाला होता.

एवढं पाहिल्यावर मग बाकीचं दिसायला लागलं. ताडाची झाडं वरून खालपर्यंत पांढरी. रस्ता पांढरा. एका घराच्या ओट्यावर पाण्याचे हंडे होते, प्रत्येकाच्या तोंडाला ओलं फडकं घट्ट बांधलेलं. दोरीवर कपडा कुठंच नव्हता. नंदिनी चालत पुढे गेली, आणि तळं आलं. हिरवंच होतं, त्याबद्दल नत्थूभाऊ खोटं बोलले नव्हते. पण त्याच्याभोवती तारेचं कुंपण होतं, कुंपणावर कवटीचं चित्र असलेली पाटी होती, आणि कारखान्याकडून आलेला एक जाड पाइप त्यात तोंड घालून पडला होता. काठावर गवताची काडी नव्हती.

नत्थूभाऊ मागे टेकले.

तेवढ्यात एका घरातून एक म्हातारी बाहेर आली. नाकातोंडावर पंचा बांधलेला. तो खाली करून ती तेलुगूत काहीतरी विचारू लागली. माय-लेकींना कळेना. नंदिनीनं फोन तिच्यासमोर धरला, म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला." त्या चौघांत ती भाषा येणारे नत्थूभाऊ एकटेच. त्यांनी हळूहळू दोन-तीन वाक्यं विचारली, आणि म्हातारी जी सुरू झाली ती थांबेचना. मध्ये खोकला येई, तो संपला की पुन्हा. एक शब्द सारखा येत होता, दुम्मू, दुम्मू. बोलता बोलता तिनं खाडीच्या पलीकडे बोट दाखवलं. नंदिनीनं त्या दिशेला फोन वळवला. दूरवर, धुरकट आभाळात, बंदरावरच्या क्रेन उभ्या होत्या.

"काय म्हणते ती?" इंदूबाईंनी विचारलं.

नत्थूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला तेलुगूचा गंधही नाही, पण माणसाचा चेहरा वाचायला भाषा लागत नाही.

"म्हणते," ते म्हणाले, "इथं खोल्या भाड्यानं देत नाहीत."

"इतकी बोलली अन् एवढंच?"

"म्हातारी आहे वं. बोलत राह्यते."

इंदूबाईंचा पांढरा हात अजून तसाच पुढे होता. "बरं," म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

मी फोन खाली ठेवला. पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न पाहता, समोरच्या भिंतीकडे बघत.

"दुम्मू म्हणजे धूळ, अनंतराव. तो चुना नव्हता."

म्हातारीनं जे सांगितलं ते असं. सिमेंटात मिसळायची पांढरी माती असते, जिप्सम. जहाजातून येते. क्रेनचा लोखंडी पंजा ती उचलतो आणि धक्क्यावरच्या मोठ्या नरसाळ्यात सोडतो. दुपारनंतर वारा समुद्राकडून वाहू लागला, की ती उडून खाडी ओलांडते आणि यांच्या गावावर पडते. पांढरं जहाज लागलं की बाया हंडे झाकतात, पोरांना आत घेतात. ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले. तिचा नवरा खोकत गेला. तिचा मुलगा धक्क्यावर मजूर होता, त्यानं तिला सांगितलं होतं, की पंजा नरसाळ्याच्या तोंडाशी नेऊन उघडला तर इतकी उडत नाही. तसा नियमच आहे. पण क्रेनवाले घाईत असतात, ते वरूनच उघडतात.

"वरून उघडला की एका फेरीले वीस सेकंद वाचते," नत्थूभाऊ म्हणाले. "सारेच उघडत. मी सगळ्यात जास्त. पांढरा ढग उठे, खाडीवर जाई, मंग दिसत नसे. मले वाटे, विरला. पावसात धुतलं जाई ते गाव, अन् पुन्हा पांढरं होई, अन् मी इकडं फोन करून सांगे, दिवाळीचा चुना मारला म्हणून."

मग म्हणाले, "घाई नागपूरले येण्याची होती."

माझा स्वभाव तसा बरा नाही. अशा वेळी माणसानं गप्प बसावं, पण मी म्हणालोच, "ते झालं ते झालं. पण आत्ता खोटं कशाला बोललात तिच्याशी?"

"एकोणतीस वर्षं तिले ते एकच देलं म्या," ते म्हणाले. "दुसरं काय देलं? आता ते बी काढून घेऊ?"

त्या क्षणी मला त्यांची फार कीव आली, आणि इंदूबाईंची त्याहून जास्त. मी डब्यातली पोळी त्यांच्यासमोर ठेवून घरी आलो.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. इंदूबाईंचा फोन रोज यायचा, पण गोळ्या घेतल्या का, व्यायाम करून राहिले का, टाके कधी काढणार, एवढंच. खोलीचं नाव नाही, गावाचं नाव नाही. नत्थूभाऊ हो, नाही, बरं, यापलीकडे बोलत नव्हते. फिजिओथेरपीवाला आला तर त्याच्यावर खेकसले. मला म्हणाले, "ती काही विचारूनच नाही राहिली." मी म्हटलं, "तिनं काय विचारावं? एकदा विचारलं होतं." त्यावर त्यांनी तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, वॉकर धरून खुर्चीवर बसले होते. प्रमाणपत्र भिंतीवर नव्हतं.

"इंदूले फोन लावतो," म्हणाले. "तुमी बसा इथं. कोणी नसलं तर मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलन."

मी बसलो. त्यांनी आवाज मोठा ठेवला. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या घरची बोलणी ऐकताना मी पेपर तरी पुढे धरायचो. आता तेवढंही नव्हतं.

"इंदू," ते म्हणाले, "त्या म्हातारीनं खोलीचं काही नव्हतं म्हटलं."

तिकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. जिप्सम सांगितलं, वारा सांगितला, वीस सेकंद सांगितले, म्हातारीचा नवरा सांगितला. "ते गाव पांढरं कोणी केलं, तर म्या केलं," म्हणाले. "एकट्यानं नाही, पण म्या बी केलं. अन् तुले तेच दाखवत राह्यलो."

"मले माहीत आहे," इंदूबाई म्हणाल्या.

नत्थूभाऊंना वाटलं, ऐकू आलं नाही. "काय?"

"माहीत आहे म्हटलं. भिंतीले बोट लावलं तवाच समजलं. वर्षातून दोन डाव पिशवी भरून ड्युटीचे कपडे आणत होते तुमी. ते कोण धूत होतं? दोन पाण्यात निघे नाही ते. बादलीच्या बुडाशी असाच गाळ बसे, असाच गुळगुळीत. तो हाताले लागला अन् मी वळखला."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"मंग तवाच काहून नाही बोलली?" नत्थूभाऊंनी विचारलं.

"पाहून राहिली होती. तुमी सांगता का म्हणून."

"अन् नसतं सांगतलं तर?"

"तर तुमाले इकडं बलावलं नसतं," इंदूबाई म्हणाल्या. आवाज तसाच, चढलेला नाही की उतरलेला नाही. "नंदिनीजवळ राह्यली असती मी. तुमी नागपुरातच बरे होते."

नत्थूभाऊ वॉकरची मूठ घट्ट धरून बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

"बजाराजवळ खोली घेतली आहे," इंदूबाई सांगत होत्या. "खालच्या मजल्यावर, तीनच पायऱ्या आहेत. टाके निघाले अन् डॉक्टर हो म्हटले की या. पण आले की पयले त्या म्हातारीकडं जाऊ. मी काल एकटीच गेली होती, तिच्याजवळ बसून आली. तिनं चहा देला. पण मले काही बोलता नाही आलं."

"काय बोलाचं तिच्यासंग?"

"ते तुमी ठरवा. क्रेनवर कोण होतं, ते तुमालेच सांगा लागन. मले तिची भाषा येत नाही."